प्लेगची साथ आणि लोकांची समजूत

वाचकहो, तुमच्या घरी आजी-पणजीच्या वेळच्या गोष्टी अजून निघत असतील, तर ‘उंदीर पडले’ हे दोन शब्द तुमच्या कानांवरून नक्की गेले असतील. कुणाच्या कणगीआड, कुणाच्या गोठ्यात मेलेला उंदीर सापडला, की ही बातमी एका आळीतून दुसऱ्या आळीत जाई. मग भांडीकुंडी, पांघरुणे, थोडा दाणागोटा बरोबर घेऊन माणसे गावाबाहेर पडत आणि शेतात नाहीतर माळावर खोपटी घालून राहत. साथ ओसरली, की परत येत. अवघे दोन शब्द. पण त्यांत रोगाची खूण होती, धोक्याचा इशारा होता आणि पुढे काय करायचे तेही होते. ते समजायला कुणाला शाळेत जावे लागले नाही.

आता याच रोगाबद्दलची दुसरी एक सूचना बघा. 1896 साली मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या काळात शहरातील शेकडो खोल्यांच्या व चाळींच्या दारांवर तीन इंग्रजी अक्षरे रंगवली गेली : यू. एच. एच. ‘हे घर माणसांच्या वस्तीस अयोग्य आहे’ असा त्या इंग्रजी आद्याक्षरांचा अर्थ. ज्या कुटुंबाच्या दारावर ती उमटत, त्या कुटुंबात ती वाचू शकणारे माणूस बहुधा नसे. वाचता आली असती, तरी मग जायचे कुठे, मागे राहिलेल्या चीजवस्तूंचे काय, आणि आपल्या माणसाला ज्या गाडीतून नेले ती गेली कुठे, यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर त्या अक्षरांत नव्हते.

रोग एकच, सूचनाही एकाच रोगाच्या. एक लोकांपर्यंत पोचली. दुसरी दारावरच राहिली. असे का झाले, आणि त्याची किंमत कुणी दिली, ते आज थोडे पाहू या.

गोष्ट सुरू होते मांडवीत. मुंबई बंदराला लागून असलेला हा धान्याच्या वखारींचा, दाट वस्तीचा भाग. 1896 च्या सप्टेंबर महिन्यात तिथे डॉ. अकासियो व्हिएगस नावाचे मूळचे गोव्याचे डॉक्टर रोगी तपासत होते. एकाएकी कडक ताप, जांघेत किंवा काखेत गाठ, आणि थोड्याच दिवसांत मृत्यू, अशी माणसे त्यांना दिसू लागली. हा प्लेग आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये हा रोग उसळला होता आणि तिथेच येर्सिन या शास्त्रज्ञाने त्याचा जंतू शोधून काढला होता. तेव्हा नाव नवे नव्हते. पण नाव उच्चारणे महागाचे होते. बंदरात प्लेग आहे असे एकदा जाहीर झाले, की परदेशची बंदरे मुंबईच्या जहाजांना दार लावणार, व्यापार बसणार! त्यामुळे सुरुवातीला ‘गाठीचा ताप’, ‘संशयास्पद ताप’ अशा मोघम शब्दांवर वेळ मारून नेण्याकडे कल होता. लोक मात्र शेजारचे मुडदे मोजत होते. सरकार काहीतरी लपवते आहे, ही पहिली शंका तिथेच पडली. आणि पहिली शंका फार चिवट असते हो.

मग एकदम दुसरे टोक गाठले गेले. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात हुकूम निघाला : प्लेगचा रोगी घरातून काढून इस्पितळात न्यायचा, वेळ पडली तर जबरदस्तीने. त्या वेळची मुंबई डोळ्यांपुढे आणा. आठ लाखांवर वस्ती. रत्नागिरी-साताऱ्याकडचे गिरणी कामगार, कच्छी आणि गुजराती व्यापारी, पारशी, बोहरी, खोजे, उत्तरेकडून आलेले जुलाहे विणकर, गोव्याचे ख्रिस्ती, तेलुगू मजूर. बोली निराळ्या, जेवणखाण निराळे, मेलेल्या माणसाचे शेवटचे करण्याची रीत निराळी. या सर्वांना एकच हुकूम आणि एकच गाडी!

कामगाराच्या नजरेने पाहा. भावाला ताप आला. चार अनोळखी माणसे आली आणि त्याला उचलून घेऊन गेली. इस्पितळात त्याच्या तोंडात पाणी कोण घालतो, कुणाच्या हातचे घालतो, ठाऊक नाही. भेटायला जाता येईल की नाही, कुणी सांगत नाही. तीन दिवसांनी कळते की तो गेला. प्लेग झालेल्यांतले बहुतेक जण त्या काळी दगावतच. त्यावर खात्रीचा उपाय कुणाजवळच नव्हता. पण ही गोष्ट कामगाराला कुणी समजावून सांगितली नव्हती. त्याला दिसले ते इतकेच : जो आत जातो तो परत येत नाही. मग अफवा उठली की तिथे माणसांना मारून त्यांच्या देहातून ‘मोमियाई’ नावाचे औषध काढतात. आज आपल्याला हसू येईल. पण जिथे खरी बातमी पोचत नाही, ती जागा रिकामी राहत नसते. तिथे अफवा बिऱ्हाड करते.

29 ऑक्टोबर 1896 रोजी सुमारे हजारभर गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडवरच्या साथीच्या इस्पितळावर चालून गेला. त्यानंतर तो हुकूम थोडा सैल करावा लागला. पण लोकांचा धीर सुटला होता. 1897 च्या फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ निम्मी मुंबई गाव सोडून गेली असे म्हणतात. माणसे आगगाडीने गेली, गलबतांनी गेली, पायी गेली आणि आपल्याबरोबर रोगही गावोगाव घेऊन गेली. लोकांना पकडून ठेवण्यासाठी जे केले, त्यानेच लोक पांगले.

याच फेब्रुवारीच्या 4 तारखेला साथीच्या रोगांचा कायदा मंजूर झाला. अवघी चार कलमे. पहिल्यात नाव, दुसऱ्यात सरकारला हवे ते उपाय करण्याचा अधिकार, तिसऱ्यात न ऐकणाऱ्याला शिक्षा, आणि चौथ्यात कायद्यानुसार काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही याची हमी. लोकांना काही सांगावे, त्यांचे काही ऐकावे, याबद्दल त्यात एक ओळ नव्हती.

बरे, जे सांगितले जात होते ते तरी बरोबर होते का? इथे इतिहास आपल्याला थोडे अंतर्मुख करतो. प्लेग घाणीतून, कोंदट हवेतून आणि दूषित जमिनीतून येतो, अशी त्या वेळच्या पुष्कळ जाणत्यांची ठाम समजूत होती. म्हणून घरांच्या जमिनी उकरल्या, कार्बोलिकचे पाणी मारले, छपरे उघडी केली, अंथरुणे जाळली. उंदीर मरतात हे अधिकाऱ्यांनाही दिसत होते, पण उंदीर आणि माणूस यांच्यामधला दुवा कुणाला उमगला नव्हता. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने 1898 साली कराचीत तो दुवा दाखवला : उंदराच्या अंगावरची पिसू. त्याचे म्हणणे सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे लागली. 1905 साली सुरू झालेल्या प्लेग संशोधन आयोगाने मुंबईतच त्याची खातरजमा केली. आणि गंमत बघा, गढवाल-कुमाऊँच्या डोंगरांतली खेडी उंदीर मरू लागले की गाव रिकामे करत, ही गोष्ट या साथीच्या कितीतरी आधी इंग्रज अधिकाऱ्यांच्या अहवालांत नमूद झालेली होती. पिसू त्या खेडुतांनाही ठाऊक नव्हती. पण त्यांनी जे पाहिले होते ते खरे होते. वरून खाली सांगणाऱ्यांची रांग मोठी होती. खालून वर ऐकणारा कान नव्हता.

आता पुण्याकडे वळू. 1897 च्या सुरुवातीला पुण्याच्या प्लेग कमिटीचे अध्यक्ष म्हणून वॉल्टर चार्ल्स रँड या अधिकाऱ्याची नेमणूक झाली. घरोघरच्या झडतीचे काम गोऱ्या सोजिरांकडे दिले गेले. मार्च ते मे या काळात सोजीर घरात शिरत. स्वयंपाकघर, देवघर, बाळंतिणीची खोली, काही राहत नसे. बायकांची तपासणी परक्या पुरुषांकडून, कधी कधी चारचौघांत होई, अशा तक्रारी होत्या. पंडिता रमाबाई काही इंग्रजी राज्याच्या कडव्या शत्रू नव्हत्या; पण त्यांनीसुद्धा या व्यवस्थेत स्त्रियांच्या वाट्याला जे आले त्याविरुद्ध वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहिले. रोगी वेगळा ठेवावा, घर स्वच्छ करावे, हे म्हणणे पुण्यातील पुढाऱ्यांना मान्य नव्हते असे मुळीच नाही. टिळकांनी ‘केसरी’तून सक्तीच्या तऱ्हेवर कडक टीका केली; पण त्याच वेळी ते साथीत पुणे सोडून गेले नाहीत आणि हिंदूंसाठी स्वतंत्र प्लेग इस्पितळ उभे करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. म्हणजे उपायावर एकमत होऊ शकले असते. तंटा होता तो उपाय कुणी, कसा आणि कुणाला विचारून करायचा, याचा.

पुढे काय झाले ते मराठी माणसाला निराळे सांगायला नको. 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच मेला, रँड काही दिवसांनी. चापेकर बंधू फासावर गेले; टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात अठरा महिन्यांची शिक्षा झाली. आपण ही हकिगत स्वातंत्र्याच्या इतिहासात वाचतो आणि ते योग्यच आहे. पण आरोग्याच्या इतिहासातही तिला जागा आहे. एक रोग हटवायला निघालेले सरकार आणि त्या रोगाने मरणारे लोक, यांच्यात बोलण्याची एकही वाट उरली नाही म्हणजे काय होते, ते तिथे दिसते.

त्याच मार्च महिन्यात, पुण्याच्याच परिसरात, दुसरे एक काम चालले होते. सावित्रीबाई फुले यांचा मुलगा यशवंत डॉक्टर होता. त्याने हडपसरजवळ ससाणे मळ्यात प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना थाटला होता आणि सावित्रीबाई स्वतः तिथे राबत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका मुलाला प्लेग झाल्याचे कळले, तेव्हा त्याला त्यांनी आपल्या पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना त्यातच लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. वाचकहो, रोगी घरातून काढून दवाखान्यात न्यायचा, हेच काम सोजीर करत होते आणि हेच काम सावित्रीबाईंनी केले. पण त्या वस्तीला सावित्रीबाई परक्या नव्हत्या. पन्नास वर्षे ज्या बाईने या मुलांच्या शिक्षणासाठी शेणमार सोसला, तिने ‘चल बाळा’ म्हटल्यावर आईबापांना घर लपवावेसे का वाटेल? आरोग्याचा निरोप कोण घेऊन येतो, यावर निम्मे काम अवलंबून असते, आणि ती ओळख साथीच्या दिवशी विकत मिळत नाही. ती आधी कमवावी लागते.

लशीचीही हकिगत अशीच आहे. वाल्डेमार हाफकिन हा ओडेसा शहरात जन्मलेला ज्यू शास्त्रज्ञ 1896 च्या ऑक्टोबरात मुंबईत आला. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या आवारातील लहानशा जागेत त्याने प्लेगवरची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती सर्वांच्या आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. टोचल्यावर ताप येई, अंग दुखे, दंड सुजे. रोग टळेलच अशी शंभर टक्के खात्रीही नव्हती. तरीही हाफकिनचा आग्रह होता की लस सक्तीने द्यायची नाही. टोचून घेतलेल्यांत किती आजारी पडले, न घेतलेल्यांत किती, याचे आकडे त्याने ठिकठिकाणी मांडले आणि लोकांपुढे ठेवले.

पण आकडे सर्वांनाच पटतात असे नाही. खोजा समाजात भीती होती, तेव्हा त्यांचे धर्मगुरू तिसरे आगाखान पुढे झाले. वय ऐन विशीचे. आपल्या अनुयायांसमक्ष त्यांनी स्वतःला टोचून घेतले, आणि एकदाच घेऊन थांबले नाहीत. पुन्हा पुन्हा घेतले, म्हणजे कुणाला शंका राहू नये. मागोमाग हजारो खोजे पुढे आले. हाफकिनच्या प्रयोगशाळेला जागाही आगाखानांनीच आपल्या मालकीच्या बंगल्यात दिली. पुढे 1899 साली प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये गेली. तीच आजची हाफकिन संस्था. तिकडे हुबळीला, जे तेव्हा मुंबई इलाख्यात होते, 1898 च्या साथीत गावातील बहुसंख्य लोकांनी लस टोचून घेतली. शेजारपाजारी कोण तगले आणि कोण गेले, हे त्यांच्या डोळ्यांसमोर होते.

याच 1898 च्या मार्चमध्ये मुंबईच्या मदनपुऱ्यात मात्र दंगल पेटली. कारण काय? जुलाह्यांच्या एका घरातील आजारी मुलगी तपासणीसाठी दाखवायला घरच्यांनी नकार दिला आणि तपासनीस हटून बसले. शहर एकच, वर्ष एकच. एका मोहल्ल्यात लोक रांगेने दंड पुढे करतात, दुसऱ्यात दगड उचलतात. खोजे शहाणे आणि जुलाहे अडाणी, असा याचा अर्थ लावणारे तेव्हाही होते. मला तसे वाटत नाही. एकाकडे त्यांचा माणूस गेला होता. दुसऱ्याकडे पोलिस गेले होते.

हळूहळू सरकारलाही हे उमगले. पारशी, जैन, खोजे अशा निरनिराळ्या समाजांना आपापली इस्पितळे काढू दिली. तिथे आपल्या पद्धतीचे जेवण मिळे, नातलगाला उशाशी बसता येई. मग माणसे रोगी लपवीनाशी झाली. शतक संपता संपता सक्तीची जागा समजुतीने घ्यायला सुरुवात केली. गाव सोडून माळावर राहण्याचा लोकांचा उपायही मान्य झाला. तरीही उशीर व्हायचा तो झालाच होता. पुढच्या काही दशकांत प्लेगने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली.

एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा, कारण तो आपल्या बाजूच्या, म्हणजे लस देणाऱ्यांच्या चुकीचा आहे. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातील मलकोवाल गावी एकाच बाटलीतून लस घेतलेली 19 माणसे धनुर्वाताने मेली. ठपका प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिनला कामावरून दूर केले गेले. पुढे पुरावा असा निघाला की बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. दोष गावातल्या हाताळणीचा होता, मुंबईच्या प्रयोगशाळेचा नव्हता. पण हाफकिन निर्दोष ठरायला 1907 साल उजाडले. या पाच वर्षांत लशीवरचा विश्वास किती ढासळला असेल, याची कल्पना करा. चूक झाली तर ती कुठे, कशी झाली हे तातडीने आणि खरेखरे सांगणे, हाही औषधाचाच भाग आहे.

पुढच्या काळात आपण यातून काही शिकलो का? काही ठिकाणी निश्चित शिकलो. देवीचा रोग घालवायच्या मोहिमेत, 1974-75 साली, कार्यकर्ते देवी आलेल्या मुलाचे चित्र असलेले एक कार्ड घेऊन घरोघर, बाजारात, शाळांत फिरत. ‘असे कुणी दिसले का?’ एवढाच प्रश्न. अक्षरे वाचता न येणारा गुराखीसुद्धा त्या चित्रावर बोट ठेवून उत्तर देऊ शकत होता. तो नुसता ऐकणारा राहिला नाही. बातमी देणारा झाला. मे 1975 मध्ये या देशात देवीचा शेवटचा रोगी सापडला, आणि 1977 साली भारत देवीमुक्त असल्याचे जाहीर झाले.

आणि आपल्या गडचिरोलीचे उदाहरण तर याहून जवळचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे काम सुरू केले, तेव्हा गोंड लोक इस्पितळाला बुजतात असे त्यांना आढळले. त्यांनी कारणे विचारली. उत्तरे आली : मोठ्या इमारतीत जीव घाबरतो, पांढरी वस्त्रे पाहिली की मेलेल्या माणसाचे कापड आठवते, नातलगांना जवळ राहू देत नाहीत, आणि तिथे आमचा देव नाही. मग शोधग्रामचा दवाखाना गोंड वस्तीसारखा, झोपड्यांच्या रचनेचा बांधला गेला. नातलगांना रोग्याबरोबर राहण्याची सोय झाली, आणि दवाखान्याला माँ दंतेश्वरीचे नाव दिले गेले. जरा मागे जाऊन आर्थर रोडच्या जमावाची भीती आठवा. जवळजवळ तीच ही यादी! फरक एवढाच, की या वेळी कुणीतरी आधी विचारले.

1897 चा तो चार कलमांचा कायदा मात्र फार दीर्घायुषी निघाला. मार्च 2020 मध्ये करोनाची साथ आली, तेव्हा महाराष्ट्रात तोच लागू करावा लागला. घरांच्या दारांवर पुन्हा चिठ्ठ्या चिकटल्या, पुन्हा शहरे सोडून माणसे पायी निघाली, पुन्हा अफवा उठल्या. साथीत कडक उपाय कधी कधी करावेच लागतात. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण कडक उपाय आणि मुका उपाय यांत अंतर आहे.

तुम्ही म्हणाल, हे सारे सरकारने आणि डॉक्टरांनी ध्यानात ठेवायचे; आम्ही काय करणार? अहो, पुढची साथ आपल्या आळीत आली, की निरोप्याचे काम तुमच्या-आमच्याकडेच येणार आहे. शेजारची म्हातारी, वरच्या मजल्यावरचा परप्रांतीय कामगार, यांना कुणीतरी त्यांच्या बोलीत सांगावे लागेल. तेव्हा आपल्याला जे नक्की माहीत आहे तेवढेच सांगावे, आणि जे माहीत नाही ते ‘माहीत नाही’ असे म्हणण्याची लाज बाळगू नये. रोग्याला कुठे नेले, कधी भेटता येईल, त्याला पाणी कोण देईल, हे आधी सांगावे. जंतूचे नाव मागून सांगितले तरी चालेल. आणि सांगून झाले, की घटकाभर बसून त्यांचेही ऐकावे. कोण जाणे, कुणाच्या तरी कणगीआड पहिला उंदीर पडला असेल, आणि ती बातमी आपल्या आधी त्यांनाच ठाऊक असेल.